उत्तर आणि कारण

१९२५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह उघडले. त्याच शहरात निवासी मुलांना गणित शिकवण्याचे काम आमच्या वाट्याला आले, याचा आम्हांला अभिमान आहे आणि त्याच्या जबाबदारीची जाणीवही आहे.

संख्यांचे आकृतिबंध शिकवताना आम्ही आरंभ सोलापुरी चादरीपासून करतो. नक्षी कोठे संपते, पुन्हा कोठे सुरू होते, हे यंत्रमागावर राबणाऱ्यांच्या मुलांना चटकन उमगते. मग आम्ही फळ्यावर २, ४, ८ लिहून पुढची संख्या विचारतो. बहुतेक मुले १६ म्हणतात, कारण प्रत्येक संख्या आधीच्या दुप्पट आहे. एखादे मूल १४ म्हणते. कारण विचारले की ते सांगते, ‘आधी २ वाढले, मग ४, आता ६ वाढणार.’ दोन्ही उत्तरे योग्य आहेत. केवळ उत्तरसूची पाहिली, तर त्या मुलाच्या कपाळी ‘गणित कच्चे’ हा शिक्का बसतो. ज्याचे आईवडील ऊसतोडीला परगावी गेलेले असतात आणि घरात शिकणारे जे पहिलेच असते, त्या मुलाचा हा शिक्का पुसणार कोण?

म्हणून आकारिक मूल्यमापनाच्या नोंदवहीत आम्ही उत्तराशेजारी मुलाने सांगितलेले कारणही लिहितो. पुढची संख्या ओळखणे, नियम स्वतःच्या शब्दांत सांगणे आणि नवा आकृतिबंध रचून सोबत्याला घालणे, अशा तीन पायऱ्या आम्ही पाहतो. कारणाविना आलेले १६ ही आमच्या लेखी पहिलीच पायरी होय.

चौथीच्या मुलांना आम्ही देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या दाखवतो. धम्मदीक्षेचे वर्ष १९५६ घ्यावे; त्याचे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी : ९६५१ − १५६९ = ८०८२. पुन्हा तसेच केले की ८८२० − ०२८८ = ८५३२, आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या अधिकाधिक सात वेळांत येथेच पोहोचते. मुले आमच्या सांगण्यावर विसंबत नाहीत; आपापले जन्मवर्ष घेऊन पडताळतात. सांगितले म्हणून मानू नये, पारखून घ्यावे, ही तथागतांची शिकवण त्यांच्या वहीत अशी उतरते.

पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती आहे. सुट्टीत मूल घरी आले की ‘किती गुण पडले?’ याआधी ‘हे कसे ओळखलेस?’ असे विचारावे, आणि ते सांगत असताना मध्ये बोलू नये.