एका तिकिटात सहा बागा

इंग्लंडमध्ये घरामागची बाग ही अगदी खासगी गोष्ट. पण वर्षातून एखाद्या दिवशी ती कुणालाही पाहता येते. गेल्या जूनमध्ये मी कॉट्सवोल्ड्समधल्या एका खेड्यात गेले, तेव्हा फाटकांवर 'नॅशनल गार्डन स्कीम'च्या पिवळ्या पाट्या होत्या आणि एका तिकिटात सहा बागा! दगडी भिंतींवर चढलेले गुलाब, डेल्फिनियमचे निळे तुरे, काठ्यांवर सोडलेला घेवडा. खत कुठलं, छाटणी कधी, सगळं मालकच हौसेने सांगत होते.

ही प्रथा १९२७ सालची. घरोघरी जाऊन रुग्णसेवा करणाऱ्या परिचारिकांच्या निधीसाठी तेव्हा ६०९ बागा उघडल्या. माणशी एक शिलिंग घेऊन आठ हजार पौंडांहून जास्त जमले. आजही तिकीट, चहा-केक आणि रोपांच्या विक्रीतले पैसे मुख्यतः रुग्णसेवेला जातात.

एका बागेत आजींनी चहा देता देता सांगितलं, "नवऱ्याच्या शेवटच्या दिवसांत रात्री नर्स घरी येऊन बसायची, म्हणून मला झोप मिळायची. तेव्हापासून दरवर्षी फाटक उघडते."

जाई-जुई, जास्वंद आपल्याही अंगणात आहेत. मंडळाच्या रुग्णसाहाय्य निधीसाठी एखादा रविवार आपणही फाटक उघडू या का?