भाचीने पेन्सिलने तपासलेलं माझं परीक्षण

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. आणि 'डीमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' पाहायचा राहिला असेल तर आधी तो बघा, कारण पुढे शेवट फुटणार आहे.

हा जपानी ॲनिमे सिनेमा आपल्याकडे 12 सप्टेंबर 2025ला लागला. मी ज्या छोट्या दैनिकाला सासवड-जेजुरीकडच्या बातम्या देतो, तिथे रविवार पुरवणीत सिनेमावर लिहिणारा मुलगा नेमका सुट्टीवर होता. संपादकांचा फोन आला, "तुम्ही पुण्यात राहता, पोरं वेडी झालीत म्हणे या सिनेमासाठी. बघा आणि चारशे शब्द द्या." मी पालखी, पाणीटंचाई आणि विमानतळाचं भूसंपादन लिहिणारा माणूस. पत्रकारितेच्या पदविकेला सिनेमा परीक्षणाचं एक प्रात्यक्षिक होतं, तेवढाच अनुभव. पण पंचवीस वर्षं लिहितोय, चारशे शब्दांना काय घाबरायचं!

सकाळचा शो होता, हिंदी डबिंग. दोन तास पस्तीस मिनिटांचा सिनेमा. आजूबाजूला सगळी विशीतली पोरं. कुणीतरी पडद्यावर आलं की टाळ्या, आणि मला तो कोण हेच माहीत नाही. दोन ठिकाणी पोरं रडत होती. बाहेर येऊन पार्किंगमध्येच परीक्षणाचं डोकं जुळवलं. मथळा दिला, 'राक्षसाचं रडगाणं'. त्यात लिहिलं की सिनेमा फार लांबला आहे, गोष्ट अशी नाहीच, नुसती मारामारी आहे, आणि ऐन लढाई थांबवून खलनायकाची करुण कहाणी सांगत बसणं म्हणजे प्रेक्षकाच्या खिशातून सहानुभूती काढणं आहे. शेवटचं वाक्य मला लिहिताना फार आवडलं होतं. ते असं: 'ज्यांनी आयुष्यात खरं दुःख पाहिलेलं नाही, त्यांना असलं रंगीत दुःख पुरतं.'

रविवारी अंक आला. सोमवारी संध्याकाळी घरी आलो तर जेवणाच्या टेबलावर ते कात्रण, मिठाच्या बरणीखाली ठेवलेलं. समासात पेन्सिलने बारीक अक्षरात टिपा.

आमची भाची कॉलेजसाठी धनकवडीला आमच्याकडेच असते. बहीण भोरला. पोरगी बोलायला कमी. तिने हा सिनेमा दोनदा पाहिलेला, हे मला ते कात्रण बघेपर्यंत माहीतही नव्हतं.

पहिली टीप लांबीच्या तक्रारीपुढे होती: 'बरोबर. मलाही मधला भाग लांब वाटला.' दुसरी: 'गियू हा तांजिरोचा भाऊ नाही. दोघांचे गुरू एक. गुरुबंधू म्हण.' तिसरी, 'गोष्ट अशी नाहीच' याच्यापुढे: 'गोष्ट नाही, की तुला कळली नाही? हे दोन वेगळे आक्षेप आहेत.' आणि राक्षसाच्या करुण कहाणीपुढे फक्त तीन शब्द: 'आजोबा, भोर, कीर्तन.'

खरं सांगतो, आधी राग आला. आपल्या घरात, आपल्या मिठाच्या बरणीखाली! पण पहिल्याच टिपेत 'बरोबर' लिहिलं होतं, त्यामुळे भांडायला सुरुवात कुठून करावी ते कळेना. चहा टाकला आणि तिला हाक मारली.

तिने पहिला प्रश्न विचारला, "मामा, कुठल्या भाषेत पाहिलास?" म्हटलं, हिंदीत. "मी एकदा हिंदीत, एकदा जपानीत, खाली सबटायटल वाचत. आवाज वेगळे आहेत. काही ठिकाणी तुला जे नाटकी वाटलं ते मला पण हिंदीत वाटलं." म्हणजे आम्ही एकाच सिनेमाबद्दल बोलतोय की नाही, इथपासून तिने सुरुवात केली. आमच्या व्यवसायात याला पूर्वी पडताळणी म्हणायचे.

मग कीर्तन. माझे वडील तिला लहानपणी भोरला देवळात नारदीय कीर्तनाला न्यायचे. "आठव ना," ती म्हणाली, "उत्तररंगात अभिमन्यू चक्रव्यूहात शिरला, सगळे श्वास रोखून बसलेत, आणि बुवा तिथेच थांबून सुभद्रेच्या पोटातली गोष्ट काढायचे. ती सांगतो सांगतो आणि तिला झोप लागते. तेव्हा तू ओरडलास का, बुवा, लढाई सोडून कुठे चाललात?"

नाही ओरडलो. कारण ती गोष्ट सांगितल्याशिवाय अभिमन्यूला आत जाता येतं आणि बाहेर पडता येत नाही, हे कळतच नाही.

"इथेही तेच आहे," ती म्हणाली. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: अकाझा नावाचा राक्षस आहे. माणूस असताना त्याचं नाव हाकुजी. आजारी बापाच्या औषधासाठी चोऱ्या करायचा. पकडला गेला की हातावर गुन्हेगाराचे पट्टे गोंदायचे. आपल्यासाठी पोराने चोरी करू नये म्हणून बाप स्वतःला संपवतो. पुढे एक गुरू त्याला घरी नेतो, आपल्या आजारी मुलीच्या सेवेला ठेवतो, आणि तीही माणसं विषाने जातात. हे सगळं येतं लढाईच्या शेवटाकडे. मी त्याला अडथळा म्हटलं होतं.

"पण मामा, तांजिरो त्याचं डोकं उडवतो, तरी तो मरत नाही. हे तू पाहिलंस ना? तलवारीने काम होतच नाही. त्याला सगळं आठवतं, आणि मग तो स्वतःवरच घाव घालतो, परत उभं राहणं थांबवतो. ती आठवण काढून टाकलीस तर लढाई संपणार कशी? तू ज्याला मध्ये आलेलं म्हणतोस तोच शेवटचा वार आहे."

पत्रकाराला निरुत्तर व्हायची सवय नसते. मी दुसरीकडून शिरलो. म्हटलं, हा सिनेमा तीन भागांतला पहिला, त्याआधी टीव्हीवरचे सीझन, त्याआधी कोयोहारू गोतोगेंची तेवीस खंडांची मांगा. तिकीट काढून आलेल्या माणसाने एवढा अभ्यास करून यायचं का? ती जरा वेळ गप्प राहिली. म्हणाली, "हा मुद्दा तुझा. पण मग तसं लिहायचं होतंस, की नव्या माणसाला कळत नाही. तू लिहिलंस गोष्टच नाही."

इथे मला 'घाशीराम कोतवाल' आठवलं. पुण्यात वादाचा विषय निघाला की ते निघतंच. 16 डिसेंबर 1972ला भरत नाट्य मंदिरात पीडीएने पहिला प्रयोग केला. नाना फडणवीसांची बदनामी म्हणून गहजब झाला, एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेनेच ते थांबवलं, करणारी मंडळी बाहेर पडली आणि त्यातून थिएटर अकादमी उभी राहिली. विरोध करणारे म्हणत होते, इतिहास असा नाही. तेंडुलकर म्हणत होते, हे ऐतिहासिक नाटकच नाही. एक बाजू इतिहासाची परीक्षा घेतेय, दुसरी नाटकाची, आणि दोघांनाही वाटतंय समोरचा ऐकत नाही. मी एक अख्खा सिनेमा बघायला गेलो होतो आणि ती एका मोठ्या गोष्टीचा एक अध्याय बघायला. हे आधी बोललो असतो तर निम्मं भांडण तिथेच मिटलं असतं. आपल्याकडच्या जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायची रीत होती, म्हणजे समोरच्याचं म्हणणं आधी नीट सांगायचं. हल्ली ग्रामसभेतसुद्धा तेवढं कुणी थांबत नाही, मी दर महिन्याला बघतो.

ती मात्र मला दुसऱ्याच गोष्टीची आठवण करून देत होती. जानेवारी 2025मध्ये 'रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स रामा' पुन्हा थिएटरला लागला, तेव्हा आम्ही आईला घेऊन गेलो होतो. युगो साको या जपानी माणसाने राम मोहन यांच्यासोबत केलेला. येताना रिक्षात मीच सांगितलं होतं की साको 1983मध्ये उत्खननावरच्या माहितीपटासाठी इथे आले, त्याची बातमी इंग्रजी पेपरात आली, त्यातून गैरसमज झाला, आणि परदेशी माणसाने रामायणावर सिनेमा करू नये असं विश्व हिंदू परिषदेचं निषेधाचं पत्र थेट जपानी दूतावासात पोचलं. सिनेमाचा पत्ता नव्हता, आक्षेप आधी आला. साकोंनी काय केलं, तर गैरसमज दूर केला आणि जपानमध्ये ॲनिमेशन ही गंभीर कला आहे हे त्याच मंडळींना समजावून सांगितलं. सरकारने पुढे नाही म्हटलंच, रामायण कार्टूनमध्ये नको म्हणून. तरी सिनेमा झाला, भारतीय चित्रकार बरोबर घेऊन झाला, आणि बत्तीसएक वर्षांनी माझी आई तो बघताना हात जोडून बसली होती.

"तेव्हा तू म्हणालास, न बघता बोलू नये," भाची म्हणाली. म्हटलं, मी तर बघून बोललो. "हो. पण 'कार्टूनच ते' असं ठरवून बघितलंस."

रात्री कात्रण परत हातात घेतलं. शेवटच्या वाक्यापुढे, खरं दुःख न पाहिलेल्यांच्या वाक्यापुढे, टीप नव्हती. समास कोरा. मला वाटलं तिथे तिला काही म्हणायचं नसेल. बायकोला तसं म्हटलं. ती भांडी लावत होती. म्हणाली, "दाजींना डायलिसिसला कोण घेऊन यायचं भोरहून?"

आठवड्यातून दोनदा, एसटीने, तीन वर्षं. पोरगी तेव्हा शाळेत, मग अकरावीत. येताना बसमध्ये दाजी तिच्या खांद्यावर झोपलेले असायचे. 2022मध्ये ते गेले. आणि मी लिहिलं होतं, औषधासाठी धावणाऱ्या पोराची गोष्ट बघून रडणाऱ्यांनी खरं दुःख पाहिलेलं नाही. थिएटरात माझ्या पुढच्या रांगेत रडणारा मुलगा कोण होता, काय माहीत.

सकाळी तिला विचारलं, त्या ओळीवर का नाही लिहिलंस? डबा भरता भरता म्हणाली, "ते लिहिलं असतं तर तू लगेच सॉरी म्हणाला असतास. मग सिनेमाबद्दल कोण बोललं असतं?"

तिला दोनशे शब्दांचं पत्र लिहायला लावलं आणि संपादकांना पाठवलं. ते म्हणाले, सिनेमा उतरायला आला, आता कोण वाचणार. त्यांचंही बरोबर असेल, पान कमी पडतं. म्हणून ही पोस्ट. सिनेमाच्या चार जणांच्या नजरेस परीक्षण पडलं असेल, तर ही दुरुस्तीही पडावी.

तर माझ्या परीक्षणातली 'गोष्ट अशी नाहीच' ही ओळ मी मागे घेतोय. त्याऐवजी 'आधीचे भाग न पाहिलेल्याला पहिला तासभर धागा लागत नाही' असं वाचावं. गियू गुरुबंधू आहे. अकाझाच्या गोष्टीबद्दल मी जे लिहिलं ते चूक होतं, कारण वर दिलंय. शेवटचं वाक्य लिहायलाच नको होतं. लांबीची तक्रार मात्र कायम. आणि लढताना पात्रं मनातल्या मनात जितकं बोलतात तितकं आमच्या झेडपीच्या सभेतही कुणी बोलत नाही, हेही कायम. हे तिला मान्य नाही. या मुद्द्यावर आमचं अजून चालू आहे.

सध्या रोज रात्री जेवणानंतर पहिला सीझन बघतोय, जपानीत. अकराव्या भागावर आलोय. तिने बजावलंय, एकोणिसावा भाग होईपर्यंत काही बोलायचं नाही.