जामीन झाला, मग माणूस कुठंय?

तालुका न्यायालयाच्या व्हरांड्यात ती उभी होती. काखेत पोर, हातात नवऱ्याच्या कपड्यांची पिशवी. जामीन मंजूर झाल्याचं मीच तिला चार दिवसांपूर्वी फोनवर कळवलं होतं, म्हणून दोन एसट्या बदलून ती बीड जिल्ह्यातून आली होती. “सायेब, जामीन झाला म्हन्ता, मग मानूस कुठं हाय?”

माणूस कारागृहातच होता. आदेशात लिहिलं होतं, 15,000 रुपयांचा जातमुचलका आणि तेवढ्याच रकमेचा एक लायक स्थानिक जामीनदार.

ही 2021 च्या गळीत हंगामातली गोष्ट. ऊसतोडीच्या टोळीतला माणूस, विहिरीवरची मोटर चोरल्याचा आरोप. मोटर त्याच्याकडे सापडली नव्हती. त्याला ओळखणारा मुकादम टोळी घेऊन पुढच्या गावी गेलेला. आता त्या तालुक्यात त्याच्यासाठी सातबारा, घरपट्टीची पावती आणि रेशनकार्ड घेऊन न्यायालयात कोण उभं राहणार? कुणी राहिलंच, तर तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला, मग पोलीस ठाण्याकडून पडताळणी. जामीनदाराचे तीन-चार दिवस त्यातच जातात, आणि ज्याच्यासाठी ते घालवायचे तो आपला भाऊबंद नसतो.

न्यायाधीशांची काळजी खोटी नाही. एकाच रेशनकार्डावर अनेक आरोपींना जामीन राहणारे बनावट लोक न्यायालयांच्या आवारात सापडतात, म्हणून तपासणी कडक झाली. पण पैसेवाल्या आरोपीला खरा जामीनदार तासाभरात मिळतो. कडकपणाचा सगळा भार ज्याचा कुणी जमीनदार नातेवाईक नाही त्याच्यावर पडतो.

कायदा हे पूर्वीच बोलून गेलाय. 1978 मध्ये मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आलं होतं. त्याला 10,000 रुपयांचा जामीन मागितला गेला, आणि भाऊ जामीन राहायला तयार असताना त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी 1,000 रुपयांच्या जातमुचलक्यावर त्या गवंड्याला सोडलं. मी वकिली सुरू केली तेव्हा हा निकाल पाठ होता. तरी 2022 अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजार माणसं होती आणि त्यांतली 4 लाख 34 हजार कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून शाबित व्हायचाय अशी. त्यांतल्या कितींच्या हातात जामिनाचा आदेश होता, हा प्रश्न मला त्या बाईमुळे पडू लागला.

माझी चूक इथे सांगायला हवी. अट शिथिल करून घेण्यासाठी मी लगेच अर्ज करायला हवा होता. मी थांबलो, कारण त्याचा भाऊ दाखला काढतो म्हणाला होता. दाखला काही आला नाही. मग अर्ज केला, त्यावर सरकार पक्षाचं म्हणणं मागवलं गेलं, तारीख पडली, पुन्हा पडली. चौथ्या महिन्यात व्हिडिओ कॉन्फरन्सिंगच्या पडद्यावरून त्यानं मला विचारलं, “गुन्हा कबूल केला तर सोडत्यात का वो?”

सोडतात. छोट्या चोरीत तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेत वजा होतात आणि न्यायालय बहुतेक वेळा तेवढीच शिक्षा देतं. बराकीत हे गणित सगळ्यांना येतं. निर्दोष असल्याचं सांगत राहिलं तर आत, आणि चोर असल्याचं मान्य केलं तर संध्याकाळी बाहेर. मी त्याला परिणाम समजावले. न्यायाधीशांनीही विचारलं, कुणाचा दबाव नाही ना? त्यानं नाही म्हटलं. मे महिन्यात तो घरी गेला.

जानेवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निर्देश दिले. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलनं तुरुंगात जायची. सात दिवसांत सुटका नाही झाली तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं. महिनाभरात जामीनदार नाही मिळाला तर न्यायालय स्वतःहून अटींचा फेरविचार करू शकतं. त्याच वर्षी गरीब कैद्यांच्या जामिनासाठी 40,000 रुपयांपर्यंत मदतीची केंद्राची योजना आली. हे सगळं त्याच्यासाठी उशिरा आलं.

2024 च्या हिवाळ्यात तो पुन्हा उचलला गेला. या वेळी शेतातल्या केबलची चोरी. त्या वर्षी 1 जुलैपासून फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा लागू झाला होता. त्यात पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याला कमाल शिक्षेच्या एक-तृतीयांश काळानंतर सोडण्याची तरतूद आहे, पण पूर्वी कधी शिक्षा झालेली नसेल तरच. माझ्या जामीन अर्जावर सरकार पक्षाचं म्हणणं आलं. दुसऱ्याच ओळीत होतं, ‘आरोपीस यापूर्वी चोरीच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली आहे.’

ते म्हणणं हातात घेऊन मी बाकावर बसून राहिलो. मग जामीन अर्जाच्या शेवटी हातानं एक कलम वाढवलं: जामीनदाराऐवजी केवळ जातमुचलक्यावर सोडावं, अर्जदार ऊसतोड मजूर आहे, त्याला या तालुक्यात कुणी ओळखत नाही. पुकारा झाला तेव्हा मी तेच कलम आधी वाचलं.