सुकऱ्या, बुध्या आणि हकुसिरि

धसई हे मुरबाडच्या डोंगरपट्टीतलं बाजाराचं गाव. 2016च्या डिसेंबरात ते एकदम पेपरांत झळकलं. राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून ते जाहीर झालं आणि लहानसहान दुकानांतही कार्ड ओढायची यंत्रं आली. कार्ड आलं की नाव आलं, आणि नाव आलं की ते सगळीकडे एकसारखं लिहिलेलं असायला हवं. आसपासच्या ठाकरवाड्या-कातकरवाड्यांतल्या म्हाताऱ्या माणसांची अडचण इथेच होते. घरात जो सुकऱ्या, तो रेशनकार्डावर सुक्रा, मतदारयादीत शुक्र्या, आणि नातवाच्या शाळेच्या दाखल्यावर एखाद्या हौशी गुरुजींच्या कृपेनं शुक्राचार्यसुद्धा.

सुकऱ्या म्हणजे शुक्रवारी जन्मलेला. सोमवारचा सोम्या, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या. मुलगी असेल तर सोमी, मंगळी, बुधी, सुकरी. पंचांग नको, नावरास नको. सुइणीला वार ठाऊक असला की झालं. ठाकर, कातकरी, वारली, सगळ्यांकडे ही चाल होती. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे यांच्या वडिलांचं नाव सोमा. 2011 साली पद्मश्री मिळाली तेव्हाही जिव्याचा जीवनराव झाला नाही, हे विशेष.

शहरातल्या माणसाला ही नावं ऐकली की वाटतं, किती आदिम! रानाइतकी जुनी! रामायणकाळापासून अशीच चालत आली असतील.

तसं नाही. सात वारांचा आठवडा हाच मुळात पाहुणा आहे. ग्रहांची मोजदाद बाबिलोनची, त्यांना ओळीनं एकेक दिवस वाटून देणारं ज्योतिष ग्रीक-रोमन जगातलं. ते सागरी व्यापाराच्या वाटेनं इकडे आलं आणि सावकाश रुजलं. भारतातल्या शिलालेखांत वाराचा ठळक उल्लेख सापडतो तो मध्य प्रदेशातल्या एरणच्या स्तंभावर, इ. स. 484 मध्ये. तिथे सुरगुरूचा दिवस, म्हणजे गुरुवार, कोरलेला आहे. त्याआधी सातवाहनांच्या लेखांत काळ ऋतूनं मोजलेला दिसतो: उन्हाळ्याचा दुसरा पंधरवडा, तेरावा दिवस, अशा तऱ्हेनं. त्या दिवशी जन्मलेल्या पोराला बुध्या म्हणायचं कुणाला सुचणारच नव्हतं, कारण बुधवारच नव्हता.

म्हणजे बुध्या हे नाव वाडीतलं खरं, पण त्याचा प्रवास कुठल्या कुठे.

मग याहून जुनी नावं या मुलखात आहेत का? आहेत, आणि तीही याच तालुक्याच्या माथ्यावर. वैशाखऱ्याहून नाणेघाटाची वाट चढते. वर खिंडीच्या तोंडाशी जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण, आणि जवळच एक लेणं. त्यात सातवाहन राणी नायनिकेचा यज्ञदानांचा लांबलचक लेख आहे. तिला नागनिकाही म्हणतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. दोन हजार वर्षांत त्या झिजून-फुटून गेल्या, आता पावलांच्या खुणा तेवढ्या दिसतात. वर कोरलेली नावं मात्र बहुतेक शाबूत राहिली: सिमुक सातवाहन, देवी नायनिका, सिरि सातकनि, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरि.

इथे मोह होतो. नागनिका आणि नाग्या! चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात 25 सप्टेंबर 1930 रोजी गोळीबारात पडलेला नाग्या महादू कातकरी आठवतो, आणि राणीपासून वाडीपर्यंत एक सरळ रेघ ओढावीशी वाटते. पण नाग रानात आहे, शेतात आहे, पंचमीच्या पाटावर आहे. त्याच्यावरून नाव ठेवायला कुणाला सातवाहनांचं नातं लागत नाही.

अशा मोहाला बळी पडलेली माणसं दूर पॅसिफिकमध्येही झाली. न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या एडवर्ड ट्रेगियर यानं 1885 साली ‘द आर्यन माओरी’ हे पुस्तक लिहिलं. माओरींचे पूर्वज कुठून आले, याचं त्याचं उत्तर होतं आपल्या संस्कृतचं घराणं. ज्या बेटांवर गुरं नव्हती, तिथल्या शब्दांत त्यानं गाईबैलांच्या आठवणी शोधून काढल्या. त्या माणसाला नाणेघाटातला ‘कुमार’ दाखवला असता, तर तो नाचलाच असता. कारण माओरीत ‘कुमारा’ आहेच. फक्त त्याचा अर्थ रताळं.

पॉलिनेशियातल्या नावांनी खरी साक्ष दिली ती वेगळ्या रीतीनं. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी. 1893 साली तिचं राज्य गेलं. माओरी मानववंशशास्त्रज्ञ ते रांगी हिरोआ. त्यानं बेटवासीयांच्या सागरी प्रवासांवरच लिहिलं. राणीच्या नावातलं ‘लानी’ आणि या पंडिताच्या नावातलं ‘रांगी’ हा एकच शब्द: आकाश. माओरीतला ‘र’ हवाईत ‘ल’ होतो, नाकातला ‘ङ’ तिथे ‘न’ होतो, आणि हे एका शब्दात नाही, शेकडो शब्दांत ठरल्यासारखं होतं. मूळभूमीचं नावही तसंच: माओरींचं हवाईकी, सामोआतलं सवाई बेट, आणि खुद्द हवाई. कानाला सारखं वाटणं हा पुरावा नव्हे. वेगळेपणालाही नियम असणं, हा पुरावा.

ही दृष्टी घेऊन पुन्हा नाणेघाटाच्या भिंतीकडे पाहावं. श्रीशातकर्णीचं तिथे झालंय सिरि सातकनि. श नाही, स आहे; जोडाक्षर फोडून सुटं केलंय. हकुसिरि म्हणजे शक्तिश्री. तिथे तर श चा स होऊन पुढे थेट ह झालाय. आणि घाटाखालच्या वाड्यांत? शुक्रवारचा सुक्रवार, आणि सुक्र फोडून सुकर. तीच दोन वळणं. यावरून सुकऱ्याच्या अंगात कुणाचं रक्त आहे, ते कळत नाही. राजाचं नाव असो की वाडीवरचं, या डोंगरात बोलणाऱ्यांच्या जिभेनं ते कसं वळवलं, तेवढं कळतं. तेही लेखणीनं नाही, तोंडानं. लेखणी तर गेली शंभर वर्षं सुकऱ्याला पुन्हा शुक्रात नेऊन बसवायला धडपडते आहे.

आता वारावरून नावं ठेवणं मागे पडलं आहे. सोम्याचा सोमनाथ कधीच झाला, मंगळ्याचा मंगेश झाला. अंगणवाडीच्या वहीत आर्यन आहे, साई आहे, श्रेयस तर आहेच. नाव टीव्हीवरून उचललेलं, वहीत नीट श काढून लिहिलेलं. दुपारी अंगणवाडी सुटते, आणि कुडाच्या घरातून आजी नातवाला जेवायला हाक मारते, “सिरेस, ए सिरेस!” आणि श्रेयस धावत येतो.