चार ओळींचा खुलासा

वर्तमानपत्रात आपले नाव छापून यावे अशी इच्छा नसलेला माणूस निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. दोन-चार कादंबऱ्या नावावर असलेल्या शाळामास्तराला तर ती असतेच असते. परंतु माझे नाव एकदा अशा काही रीतीने छापून आले, की ते कात्रण मी आजवर कोणाला हौसेने दाखविलेले नाही. अंगणात सडा पडला, रांगोळीचे डबे बाहेर निघाले, की मात्र ते हटकून आठवते.

गोष्ट २०१९ च्या दिवाळीतली. आमचे थोरले बंधू अण्णा त्याच वर्षी नोकरीतून निवृत्त झाले होते. जन्मभर सायकल आणि एस. टी. यांच्यावर भागवलेल्या या माणसाने फंडाचे पैसे हाती येताच मोटार घेतली. गुडघे दुखतात म्हणून क्लच नसलेली, गिअर आपले आपण बदलणारी. वहिनींनी तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढले, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि आमच्या घराण्यातली पहिली मोटार अंगणात येऊन उभी राहिली.

भाऊबीजेच्या सकाळी अण्णा ताईला आणायला स्टँडवर गेले. परत येऊन त्यांनी गाडी फाटकातून आत घेतली. ती थांबायची, तर एकाएकी मोठ्याने गुरगुरली आणि झेप घेऊन थेट तुळशीवृंदावनावर आदळली. विटा कोसळल्या, कुंडीची माती काचेवर उडाली. त्याच जागी अण्णांची पाच वर्षांची नात क्षणापूर्वी रांगोळीत रंग भरीत बसली होती. गुलाबी रंग संपला म्हणून ती उठून आत आली होती. बाहेर येऊन पाहतो तो रांगोळीचा डबा चाकाखाली पत्र्यासारखा चपटा झालेला! माझ्या पायांतले बळच गेले.

अण्णा थरथरत खाली उतरले. म्हणाले, “अरे, मी ब्रेकच दाबत होतो. जितका जोरात दाबावा तितकी ती पळत होती!”

अण्णा आयुष्यात कधी खोटे बोलले नाहीत. त्यामुळे शंका घेण्याचे काही कारणच नव्हते. त्या रात्री मी लिहावयास बसलो. माझे यंत्रज्ञान मॅट्रिकच्या विज्ञानापुरते. पण ‘यंत्रराक्षस’ हा शब्द सुचला आणि मग लेखणीलाही ब्रेक राहिला नाही. आठवड्यापूर्वीच गाडीची पहिली सर्व्हिसिंग झाली होती, हे मी मुद्दाम लिहिले. तिथल्या लोकांनी काय पाहिले, असा खडा सवालही टाकला. गावच्या दैनिकाने मोडक्या वृंदावनाच्या छायाचित्रासह तो लेख ठळकपणे छापला. दोन दिवस फोन वाजत होता. कोणी म्हणे, “आमचीही गाडी अशीच अंगावर येते.” कोणी म्हणे, “मास्तर, बरी वाचा फोडलीत!” खोटे कशाला सांगू, मला फार बरे वाटले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक तरुण दारात उभा राहिला. माझा जुना विद्यार्थी. गणितात कच्चा, पण वर्गातले बिघडलेले घड्याळ दुरुस्त करणारा. चहा नको म्हणाला. मग खाली पाहत बोलला, “सर, अण्णांच्या गाडीची सर्व्हिसिंग मीच केली होती. मालकांनी मला घरी बसवले आहे. तुम्ही लिहिलेत म्हणजे खरेच असणार, असे ते म्हणाले.”

तो तक्रार करायला आला नव्हता. समोरच्या किराणा दुकानावरच्या कॅमेऱ्याचे चित्रण त्याने मोबाइलमध्ये घेऊन आणले होते. “सर, मागचे लाल दिवे पाहा,” तो म्हणाला. ब्रेकवर पाय पडला की ते दिवे लागतात. फाटकाशी वळताना ते लागलेले स्पष्ट दिसत होते. मग विझले. गाडी झेपावली, वृंदावनावर आदळली, तरी ते पुन्हा लागले नाहीत. मी ते चित्रण चार वेळा पाहिले. अण्णांचा पाय ब्रेकवर नव्हता. ब्रेक समजून त्यांनी ॲक्सिलरेटरच दाबला होता, आणि गाडी पळते म्हणून अधिकच जोराने दाबला होता.

त्या रात्री झोप आली नाही. मग माझ्यासारखे आणखी कोणी फसले आहे काय, हे मी शोधू लागलो. माणूस चुकला की त्याला सोबती हवे असतात! सोबती मिळाले तेही लहानसहान नव्हते. १९८६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीने ‘सिक्स्टी मिनिट्स’ या विख्यात कार्यक्रमात ऑडी ५००० ही मोटार आपोआप धावत सुटते असे दाखविले. अपघातात सापडलेली माणसे अगदी अण्णांचेच वाक्य बोलत होती. पडद्यावर ॲक्सिलरेटरचे पेडल भुतासारखे आपोआप खाली जाताना दिसत होते. मात्र त्यासाठी यंत्रात मुद्दाम भोक पाडून बाहेरून दाब सोडला होता, हे प्रेक्षकांना कळले नाही. १९८५ साली अमेरिकेत सुमारे ७४ हजार ऑडी खपल्या होत्या. १९९१ साली तो आकडा १२ हजारांच्या आसपास आला. तिथल्या सरकारी वाहनसुरक्षा खात्याने १९८९ मध्ये जो निष्कर्ष काढला, तो माझ्या विद्यार्थ्याच्या निष्कर्षाहून फारसा निराळा नव्हता. पाय चुकीच्या पेडलवर पडत होता.

१९९२ साली एनबीसी वाहिनीने तर एका ट्रकच्या पेट्रोलटाकीचा भडका दाखविताना खाली ठिणगी टाकणारी लहान रॉकेटे बांधली होती. ते उघडकीस आले आणि १९९३ च्या फेब्रुवारीत वाहिनीला पडद्यावर येऊन माफी मागावी लागली.

हे वाचून मला क्षणभर हायसे वाटले. म्हणजे कंपन्या निर्दोष आणि बोंब मारणारेच खोटे! परंतु पुढे वाचीत गेलो तसा तो दिलासाही टिकेना. २००९ च्या सुमारास टोयोटाच्या गाड्यांविषयी तशीच ओरड झाली. विद्युत्‌यंत्रणेत तसा दोष आढळला नाही, असे नासाच्या तंत्रज्ञांनी तपासाअंती २०११ मध्ये सांगितले. पण पायाखालच्या चटईत पेडल अडकत होते आणि काही पेडले चिकटून राहत होती, हे खरेच होते. त्याबाबत ग्राहकांची दिशाभूल केल्याचे कबूल करून २०१४ मध्ये कंपनीला १२० कोटी डॉलर भरावे लागले. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत किल्लीचा खटका आपोआप फिरे, इंजिन बंद पडे आणि जीव वाचविणारी हवेची पिशवी ऐन वेळी उघडत नसे. कंपनीतल्या काहींना हे वर्षानुवर्षे ठाऊक होते. पुढे भरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. तेव्हा कोणी ओरडलेच नसते तर?

ऑडीच्या हकिगतीतही एक धडा होताच. इंजिनाचा वेग मध्येच वाढल्याने चालक दचकत असावा, पेडलांची मांडणीही पाय फसवणारी असावी, असे त्या खात्यानेच नोंदविले होते. आणि कंपनीने गाड्या परत बोलावून त्यांना एक खटका बसविला: ब्रेकवर पाय असल्याशिवाय उभी गाडी गिअरमध्ये पडूच नये. म्हणजे माणसाचा पाय चुकला, हे सांगून प्रश्न संपत नाही. तो का चुकला, हेही कोणी तरी विचारावे लागते. मी मात्र यांतले काहीच विचारले नव्हते. दुकानाच्या कॅमेऱ्यापर्यंतची वीस पावलेही चाललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी ते चित्रण घेऊन मी अण्णांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून ते दोनदा पाहिले. बराच वेळ ते मोडक्या वृंदावनाकडे पाहत बसले. मग हळूच म्हणाले, “मला अजूनही ब्रेकच आठवतो रे.” त्या एका वाक्याने मला गहिवरून आले. ते खोटे बोलत नव्हते; त्यांचा पाय चुकला होता आणि मनाला ते कळलेच नव्हते.

मी म्हणालो, “अण्णा, खुलासा करायचा तर तुमचे नाव येईल.”

ते म्हणाले, “त्या पोराचे नाव गावभर झाले, ते चालले काय? लिही.”

माझा लेख आला होता तीन रकाने. खुलासा आला चार ओळींचा, आतल्या पानावर, निविदांच्या जाहिरातीखाली. फोन एकही आला नाही. बाजारात मात्र पुढे वर्षभर मला कोणी ना कोणी विचारीतच असे, “काय मास्तर, तुमच्या त्या राक्षसाचे काय झाले?” मालकांनी त्या मुलाला परत बोलावले, तो गेला नाही. दुसऱ्या गावी त्याने स्वतःचे लहानसे गॅरेज काढले. दिवाळीत तो फराळाला येतो, मला वाकून नमस्कार करतो, आणि त्या वेळी त्याच्याकडे पाहणे मला अजून जड जाते.

वृंदावन नवे बांधले. अण्णा महिनाभर गाडीला शिवले नाहीत. मग त्याच मुलाला बोलावून रिकाम्या मैदानावर आठ दिवस त्यांनी नुसता ब्रेक दाबण्याचा सराव केला. गेल्या दिवाळीत गाडीचे कागद काढताना त्यांतून एक पिवळट चिठोरे खाली पडले. उचलून पाहिले, तर त्या चार ओळींचे कात्रण! लायसन्सच्या पाकिटात अण्णांनी ते नीट घडी करून ठेवले होते. माझ्याजवळ मात्र तीन रकान्यांचेच होते. मी काही बोललो नाही. ती घडी होती तशी पाकिटात घातली आणि पाकीट अण्णांच्या हाती दिले.