परसामागचं तळं

दोन वर्षांपूर्वी मी स्वयंपाकघराचा ओटा नवा करून घेतला. जुन्या कडप्प्याला तडे गेले होते, न्हाणीची फरशीही उखडली होती. गवंड्याने विचारलं, "वहिनी, हा राडारोडा कुठं टाकू?" आणि मीच म्हटलं, "मागच्या डबक्यात टाक की. सगळेच टाकतात." तीन हातगाड्या गेल्या. ओसरीवर तांदूळ निवडणाऱ्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "डबकं काय म्हणतेस गं? तळं आहे ते."

मला हसू आलं होतं. पाऊण एकराचं ते पाणी! काठाला पाणकणीस, एखादा खंड्या, चार पाणकोंबड्या आणि ढीगभर डास. मला त्यातले डासच तेवढे ठाऊक.

गेल्या आषाढात मात्र एका रात्रीत पाणी थेट स्वयंपाकघरात आलं, माझ्या नव्याकोऱ्या ओट्याखाली. डाळ-तांदळाचे डबे आम्ही अंधारात माळ्यावर चढवले. "पन्नास वर्षांत या उंबऱ्याच्या आत पाणी आलं नव्हतं," सासूबाई म्हणाल्या. मी गप्प. वरच्या आळीचं पाणी पूर्वी तळ्यात उतरायचं, तिथे सावकाश मुरायचं, म्हणून आमच्या आडाला चैत्रातही पाणी असायचं. तळ्याची जागा आम्हीच भरत आणली, मग पाण्याने जायचं कुठं?

त्याच सुमारास शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर झाला. पाहते तर तळ्याच्या जागी रहिवासी विभाग! आणि खरी अडचण पुढेच होती. तिथे होणाऱ्या इमारतीत आमच्या धाकट्या भाऊजींनी फ्लॅटसाठी विसार दिलेला. मी हरकत घ्यायची म्हणताच 'हे' म्हणाले, "घरातलीच माणसं घराच्या आड यायची का?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

तरी पालिकेत गेले. तिथले कारकून म्हणाले, "बाई, नकाशात तळं नाहीच." मग माहितीच्या अधिकारात जुन्या नकाशाची प्रत मागितली. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. प्रत आली, त्यात स्पष्ट लिहिलेलं: 'तळे'.

मला वाटलं होतं, तळ्यांना सरकारचं संरक्षण असतंच. पण तसं सरसकट नाही हो. पाणथळ जागांसाठी २०१७ चे केंद्राचे नियम आहेत, पण पिण्याच्या पाण्यासाठी किंवा शेतीच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेली तळी त्यांतून वगळली आहेत. २०११ च्या राष्ट्रीय नकाशासंग्रहात सव्वादोन हेक्टरांहून, म्हणजे साधारण साडेपाच एकरांहून, मोठ्या जागांच्या सीमा आखल्या आहेत. त्याहून लहान साडेपाच लाखांवर जागा नुसत्या ठिपक्यांनी दाखवल्या आहेत. आमचं तळं फार तर असाच एक ठिपका. अशा ठिपक्याचं भलंबुरं बहुतेक वेळा गावच्या पालिकेच्याच हाती राहतं: आराखड्यात ती जागा कशासाठी दाखवायची, बांधकामाला परवानगी द्यायची की नाही, राडारोडा कुठे टाकू द्यायचा.

म्हणूनच हरकतीच्या अर्जाला मोल आहे. आमच्या राज्यात १९६६ च्या नगररचना कायद्याप्रमाणे मसुदा जाहीर झाला की हरकती मागवाव्या लागतात आणि त्यांवर सुनावणी घ्यावी लागते. शिवाय उत्तर प्रदेशातल्या एका खटल्यात, तळ्याची जागा घरांसाठी वाटून देणं सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली चुकीचं ठरवलं. तळी ही साऱ्या गावाची ठेव, असा त्या निकालाचा भावार्थ.

आळीतल्या अकरा जणींच्या सह्या घेऊन मी सुनावणीला गेले. साहेबांनी विचारलं, "तिथे आता पाणी कमी आणि दगडमातीच जास्त आहे ना?" पायाखालची जमीन सरकली. पण खोटं कसं बोलू? म्हटलं, "हो. त्यातल्या तीन गाड्या माझ्या घरच्या आहेत. म्हणूनच पाणी माझ्या चुलीपर्यंत आलं." क्षणभर कुणी बोललं नाही. मग ते वाक्य त्यांनी लिहून घेतलं.

निकाल अजून लागलेला नाही. आराखडा सरकारच्या मंजुरीला गेलाय. भाऊजींनी विसार परत मागितलाय, निम्माच मिळाला. दिवाळीला ते आले, पण जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. ते मला अजून टोचतं.

तुमच्याही घरामागे, देवळाजवळ, शाळेच्या वाटेवर असं एखादं 'डबकं' असेल. एकदा त्याचा जुना नकाशा काढून पाहा. आराखड्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली, तर रद्दीत टाकण्याआधी वाचा. हरकतीची मुदत गेली की मग हळहळून उपयोग नाही. आणि गवंडी विचारील, "वहिनी, राडारोडा कुठं टाकू?" तेव्हा उत्तर देण्याआधी पालिकेने त्यासाठी कुठली जागा ठरवली आहे, ते विचारून या.

परवा आम्ही चौघींनी मजूर लावून काठावरची दोन ट्रॉली माती उचलून नेली. खर्च आपसांत वाटून घेतला. संध्याकाळी सासूबाई काठी टेकत मागच्या दारी आल्या. उघड्या झालेल्या हातभर पाण्याकडे पाहत म्हणाल्या, "आता थोडं तळ्यासारखं दिसतंय हो."