कर्तरी प्रयोग

मराठीच्या मास्तराला एक खोड असते. पानवाल्यापासून प्राचार्यांपर्यंत कुणाचेही व्याकरण चुकले की त्याला राहवत नाही. घरची मंडळी हसून सोडून देतात. पण माझ्या या खोडीने एकदा एकीचा अपमान केला, आणि पुढे माझ्या मौनाने तिची नोकरीही घालवली.

आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात साहाय्यकाची जागा भरायची होती. मुलाखतीला आम्ही चौघे बसलो होतो. साधी सुती साडी नेसलेली एक उमेदवार आत आली. चेहरा ओळखीचा वाटला. प्रमाणपत्रावरचे जुने नाव वाचले आणि आठवले. आठ वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात तिसऱ्या बाकावर बसून ती उत्तम निबंध लिहीत असे. तेव्हा आम्ही सारे तिला मुलगा समजत होतो.

"मी गेल्या वर्षी ग्रंथालयशास्त्राची परीक्षा पास झाले," ती म्हणाली.

माझी नजर कागदावर होती. "झालो," मी सवयीने दुरुस्ती केली.

समिती खो खो हसली. ती हसली नाही.

"सर, कर्तरी प्रयोगात क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं, हे तुम्हीच शिकवलंत. इथे कर्ता मी आहे."

उत्तर अचूक होते, पण जागा दुसऱ्याला मिळाली. ती गेल्यावर तिच्या पदवीची चर्चा झालीच नाही. पालक काय म्हणतील, मुले टिंगल करतील, प्रसाधनगृह कोणते द्यायचे, एवढेच बोलणे झाले. मी अवाक्षर काढले नाही. खाली सही केली.

त्या सहीने माझी झोप उडवली. वाचू लागलो. आपण स्त्री, पुरुष की तृतीयपंथी हे ठरवण्याचा अधिकार ज्याचा त्याला, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ सालीच म्हटले होते. २०१९ च्या कायद्याने भरतीत आणि बढतीत तृतीयपंथीयांशी भेदभाव करण्यास मनाई केली आणि प्रत्येक आस्थापनेला एक तक्रार-अधिकारी नेमायला सांगितले. आमच्याकडे पाण्याचा माठ भरायलासुद्धा माणूस नेमलेला होता, हा अधिकारी तेवढा नव्हता.

पण नुसत्या नेमणुकीनेही भागत नाही. २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथीयांना नोकऱ्या दिल्या, पण शहरात कुणी त्यांना भाड्याने खोली देईना, म्हणून आठ जणांनी थोड्याच दिवसांत काम सोडले. बंगालीच्या प्राध्यापिका मानबी बंदोपाध्याय २०१५ साली कृष्णनगरच्या महिला महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. दीड वर्षात त्यांनी राजीनामा लिहून दिला. सहकाऱ्यांची साथ नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तो 'सहकारी' शब्द मला टोचला. आमच्या समितीत तो मीच होतो.

जागा पुन्हा निघाली तेव्हा मी प्राचार्यांना पत्र दिले. तक्रार-अधिकारी नेमा आणि मुलाखतीत कामाखेरीज काही विचारू नका, एवढेच लिहिले. "सर, कशाला नसती उठाठेव?" हेडक्लार्क म्हणाले. मग मी २०२५ चा निकाल पुढे ठेवला. जेन कौशिक या तृतीयपंथी शिक्षिकेला नोकरी नाकारल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नुकसानभरपाई देवविली होती. व्यवस्थापनाला तत्त्वापेक्षा नुकसानभरपाई हा शब्द लवकर कळतो!

तिला फोन करताना मात्र माझा हात कापत होता. माफी मागितली, पुन्हा अर्ज कर म्हणालो. ती बराच वेळ गप्प होती.

"समितीत कोण आहे, सर?"

"मी आहे."

"व्याकरण सुधारलंत का?"

"शिकतो आहे," मी म्हणालो.

तिने अर्ज केला. या खेपेस चर्चा पदवीची झाली आणि जागा तिला मिळाली. पहिल्या दिवशी मस्टरवर कोणते नाव घालायचे, असे हेडक्लार्कांनी मला विचारले. मी म्हणालो, "तिला विचारा."

गेल्या आठवड्यात एक पुस्तक परत करायला गेलो. तिने तारीख पाहिली.

"सर, फार उशीर केलात. दंड पडेल."

मी मुकाट्याने दंड भरला. पावतीवर तिची सही होती, तिने स्वतः निवडलेल्या नावाची.